आजार कोणता आणि उपचार कशावर?

(पुणे शहरातील एका विहारात दीक्षित कुटुंबांपुढे एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो आपल्या सभांतून सहसा निघत नाही. आपल्या कुटुंबांत असे मुलगे आहेत की ज्यांचे मन मुलीकडे ओढ घेत नाही, मुलाकडे घेते. अशा मुली आहेत की ज्यांस मुलीविषयीच प्रेम वाटते. जन्माच्या दाखल्यावर मुलगा म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःस मुलगी समजणारी मुलेही आहेत. अशा मुलास कधीकधी झोप लागेनाशी होते, त्याचे अभ्यासातील लक्ष उडते, ते जेवण टाकते, जीव नकोसा झाला असे बोलू लागते. मग आईबाप घाबरतात आणि विचारतात की, ह्याला कोठे दाखवावे? प्रश्न योग्य आहे. परंतु दाखवावयाचे आहे ते काय, हे त्यांस ठाऊक नसते आणि तेथेच घोटाळा होतो. मुलाची ओढ हाच आजार समजून ते त्यावर औषध शोधीत फिरतात, आणि ज्या दुःखाने मूल खंगत चालले आहे ते दुःख मात्र तसेच राहते.

शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करीत असता असे आईबाप माझ्याकडेही येतात. एक विचारतो, ‘वकीलसाहेब, पोराला येरवड्याला भरती करता येईल का?’ दुसरा विचारतो, ‘लग्न लावून दिले म्हणजे ताळ्यावर येईल ना?’ ह्या माणसांच्या मनात दुष्टावा नसतो. त्यांस कोणी खरी माहितीच दिलेली नसते.

ती माहिती अशी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. आपल्या देशातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१८ साली समलैंगिकता हा आजार नव्हे असे जाहीर केले. म्हणजे ज्यास तुम्ही आजार समजता, त्यास ज्यांचा आजार ओळखण्याचा अधिकार आहे ते आजार मानीत नाहीत. मग मूल आजारी पडते ते कशाने?

ह्याचे उत्तर तुम्हांस पुस्तकात शोधावयास नको. एखादा मुलगा शिकण्यासाठी शहरात येतो. खोली पाहावयास जातो तेव्हा घरमालक प्रथम आडनाव विचारतो. वसतिगृहात तो आडनाव तोंडातल्या तोंडात सांगतो, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर न लावता पेटीत ठेवतो, जेवताना गावाची गोष्ट निघाली की विषय बदलतो. कोणी त्यास प्रत्यक्ष मारलेले नसते. तरी त्याचे मन चोवीस तास स्वतःवर पहारा करीत असते, आणि तो पहाराच त्याला आतून पोखरतो. इलान मायर नावाच्या अमेरिकेतील संशोधकाने २००३ साली समलिंगी माणसांच्या बाबतीत हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली : त्यांच्यात उदासी आणि भीती अधिक आढळते ती त्यांच्या स्वभावामुळे नव्हे, समाजाची अवहेलना, ती केव्हा वाट्यास येईल ही धास्ती आणि सतत लपवाछपवी ह्यांमुळे. वसतिगृहातील त्या मुलास कोणी म्हणाले की, तुझी उदासी घालवावयाची तर तू तुझी जात बदल, तर आपण त्यास काय म्हणू?

दोघांत एक फरक मात्र आहे आणि तो आईबापांनी नीट ध्यानात घ्यावा. जातीमुळे अपमान झालेले मूल संध्याकाळी घरी येते तेव्हा ते घर त्याचे असते. आई, बाप, बहीण सारी त्याच अपमानातून गेलेली असतात. ह्या दुसऱ्या मुलास घरी आल्यावरही पहारा चालूच ठेवावा लागतो, कारण ज्यांच्यापासून लपवावयाचे ती माणसे त्या घरातच बसलेली असतात.

हा विषय पाश्चात्त्यांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याने १९३४ सालचा मुंबईतील एक खटला पाहावा. पुण्याच्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे हे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत असत. वाचक आपल्या लैंगिक अडचणी त्यांस लिहून पाठवीत आणि ते उत्तरे छापीत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. ह्या उत्तरांबद्दल सरकारने त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला, आणि त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरूनच लेखन अश्लील ठरत नाही आणि वाचकाच्या प्रश्नास उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. एवढ्या आधारावर आजची सर्व मते बाबासाहेबांच्या तोंडी घालणे मला वकील म्हणून प्रशस्त वाटत नाही. परंतु ज्या प्रश्नाचे नाव घेण्यास सुशिक्षित पुणे लाजत होते, तो विचारणाऱ्या माणसास उत्तराचा अधिकार आहे असे त्यांनी भर न्यायालयात मांडले, ही गोष्ट कोणासही पुसता येणार नाही.

आता कायद्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांस लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच राहिली नाही, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तसे कलम नाही. सबब, मुलास किंवा त्याच्या मित्रास ‘पोलिसांत देतो’ ही धमकी पोकळ आहे. २०१८ च्या निकालात न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांसही बजावले आहे की, जो आजारच नाही तो बरा करण्याच्या मागे लागू नका.

येरवड्याच्या प्रश्नाचे उत्तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. ह्या कायद्याचा मसुदा तयार होण्यात आपल्या पुण्यातील आय. एल. एस. विधि महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे ह्यांचा वाटा होता. त्याचे कलम ३ सांगते की, एखादा मनुष्य समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येणार नाही. कलम १८ प्रमाणे लैंगिक कल किंवा जात ह्यांवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क आहे. दोन्ही शब्द एकाच कलमात आहेत हे तुम्ही पाहावे असे मला वाटते. कलम २३ प्रमाणे रुग्णाने डॉक्टरास सांगितलेली गोष्ट गुप्त राहिली पाहिजे, मग विचारणारा बाप का असेना. यास्तव प्रौढ मुलास केवळ ह्या कारणासाठी कोंडून ठेवणे बेकायदा होय.

मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२१ साली दोन तरुणींचा खटला आला. आईबापांच्या विरोधामुळे घर सोडून आलेल्या त्या मुलींनी पोलिसांपासून संरक्षण मागितले होते. न्या. आनंद व्यंकटेश ह्यांनी आपणांस हा विषय पुरता समजत नाही असे मोकळेपणी मान्य करून निकालापूर्वी स्वतः समुपदेशकाकडे बैठक घेतली. न्यायासनावर बसणाऱ्यास त्यात कमीपणा वाटला नाही. त्यांनी लैंगिक कल ‘बरा करण्याच्या’ उपचारांवर बंदी घालण्याचा आदेश दिला, आणि पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

डॉक्टराच्या आधी देवऋषी गाठणारी घरे अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही, मूल ‘बाहेरच्या बाधेने’ असे झाले म्हणून रात्री गुपचूप उतारा टाकला जातो, हे मी ऐकून आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून त्याच वर्षी २० ऑगस्टला ह्याच पुण्यात झाला.

मग खरा उपचार कसा असतो? तो मुलास आहे तसे मान्य करून सुरू होतो. समुपदेशक झोप, भूक, भीती, जीव देण्याचे विचार ह्यांची चौकशी करतो. उदासी खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतो. ते उदासीचे औषध असते, ओढीचे नव्हे. वर्षानुवर्षे ऐकलेल्या शिव्या मूल स्वतःच स्वतःला देऊ लागलेले असते. ती सवय बोलून बोलून सोडवावी लागते, आणि त्यास महिने लागतात. कोणास सांगावे, केव्हा सांगावे, की अद्याप सांगूच नये, हे मुलानेच ठरवावयाचे असते. आईबापांसाठी स्वतंत्र बैठक मागता येते. तीत रडावे, रागही काढावा, म्हणजे तो मुलावर निघत नाही.

चुकीचा माणूस ओळखणे अवघड नाही. पहिल्याच भेटीत विचारा, ‘डॉक्टरसाहेब, ही ओढ बदलता येते काय?’ इतक्या बैठकांत बदलून देतो म्हणाला, विजेचे झटके किंवा संप्रेरकांची इंजेक्शने सुचविली, अथवा लग्न करून द्या म्हणाला, तर फी परत मागत न बसता उठून चालू लागा. आणि तो डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. लग्नाविषयी तर अधिक स्पष्ट बोलतो. अशा लग्नात तुम्ही आपल्या मुलाबरोबर दुसऱ्याची मुलगीही पणास लावता, आणि तिला ते सांगतही नाही. ती माहेरी परतते तेव्हा दोष तिच्यातच शोधला जातो.

पैशाची अडचण मला ठाऊक आहे. खाजगी समुपदेशकाची फी हमालाच्या, मोलकरणीच्या घरास झेपत नाही. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालते व मराठीतून बोलता येते. पुण्यातच बिंदुमाधव खिरे ह्यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि ह्या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. ‘पार्टनर’ त्यांपैकी एक. आईबापांनी ते आधी स्वतः वाचावे.

एक काम तरुणांस सांगतो. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, आपण मानसिक आजाराने निर्णय घेऊ शकलो नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल, हे प्रत्येक प्रौढ माणसास आधीच नेमून ठेवता येते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही; मित्र, जोडीदार, कोणीही विश्वासू प्रौढ चालतो, मात्र त्याची लेखी संमती हवी. स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद घ्यावा, नाव लिहावे, सही किंवा अंगठा करावा आणि एक प्रत त्या माणसाजवळ ठेवावी.