कैरो : बोळ आणि हमरस्ते

कैरो शहराचें नांव निघालें कीं पिरॅमिड डोळ्यांपुढें उभे राहतात. वस्तुतः ते नाईलच्या पश्चिमेस गीझाच्या माळावर आहेत, आणि कैरो हें मूळचें पूर्वतीरावरचें शहर. पिरॅमिडांच्या मानानें तें कालचें पोर म्हणावें लागेल. अरबांनीं इजिप्त जिंकल्यावर सातव्या शतकांत तेथें फुस्तात हें त्यांचें ठाणें वसलें. पुढें 969 सालीं फातिमी सेनापति जौहर यानें त्याच्या उत्तरेस तट घालून नवी राजनगरी आंखली. तिचें नांव अल्-काहिरा, म्हणजे विजयिनी. युरोपियनांच्या तोंडीं त्याचें कैरो झालें.

ह्या नगरीचा कणा म्हणजे उत्तरेच्या बाब-अल्-फुतूह दरवाजापासून दक्षिणेच्या बाब-झुवैलापर्यंत जाणारा रस्ता. त्यास मुइझ्झ खलिफाचें नांव आहे. ह्या रस्त्यावर 1125 सालची अल्-अक्मर नांवाची लहानशी मशीद आहे. मोठमोठ्या मशिदींच्या गर्दींत ती सहज नजरेंतून सुटते. मशिदीनें मक्केकडे तोंड करावें हा धर्माचा दंडक, आणि रस्ता तर भलत्याच दिशेनें जाणारा. कारागिरानें दर्शनी भिंत रस्त्याला धरून ठेवली, आंतील चौक मक्केकडे वळवला आणि दोहोंमधला तिरपेपणा भिंतीच्या जाडींत जिरवून टाकला. ही युक्ति पुढें कैरोच्या गवंड्यांच्या अंगवळणीं पडली. रस्त्याचा मान आणि धर्माचा मान असे दोन्ही राखणारें हें शहर आहे.

कणा सरळ असला तरी त्यास फुटलेले बोळ मात्र वांकडेतिकडे, आणि पुष्कळसे एका टोकास बंद. परकी प्रवाशांनीं त्यांस गोंधळ म्हटलें. तें अन्यायाचें आहे. अरुंद बोळांत ऊन जमिनीपर्यंत क्वचितच पोंचतें, आणि वळणांमुळें वाळवंटाचा धुळकट वारा आंत घुसत नाहीं. रात्रीं मोहल्ल्याचा दरवाजा लागे. 1648 सालीं बांधलेला सुहैमी वाडा अद्याप पाहावयास मिळतो. देवडीची वाट काटकोनांत वळत असल्यामुळें रस्त्यावरच्याची नजर चौकापर्यंत पोंचत नाहीं. खिडक्यांना कांतीव लाकडाच्या जाळ्या आहेत. आंतून सर्व दिसावें, बाहेरून कांहींच दिसूं नये, ही त्यांची किमया. त्यांस मश्रबिया म्हणतात. पाण्याचे मातीचे कुजे तेथें झुळुकींत गार करावयास ठेवीत. जुन्या घरांच्या धाब्यावर उत्तरेकडे तोंड केलेला मल्कफ, म्हणजे वाऱ्याचा झरोका असे. तो वरचा गार वारा धरून खालच्या दिवाणखान्यांत सोडी. हसन फती (1900-1989) ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञानें ह्याच साधनांचा आयुष्यभर पुरस्कार केला, आणि तो स्वतःहि किल्ल्यानजीकच्या एका जुन्या घरांत राहिला.

ह्याचा अर्थ जुनें सर्व सुखाचें होतें असा मात्र नव्हे. नाईलचें पाणी पखालींतून घरोघर आणावें लागे. म्हणूनच धनिक लोक पाणपोया बांधीत आणि तिच्या माडीवर मुलांची शाळा भरवीत. खालीं तहान भागावी व वर विद्या मिळावी, अशी ही जोड इमारत ह्या शहराचें खास लेणें होय. 1744 सालीं अब्द-अर्-रहमान कत्खुदा यानें बांधलेली पाणपोई रस्त्याला फांटा फुटतो त्या नाक्यावर उभी आहे.

1867 सालीं इस्माईल पाशा पॅरिसच्या प्रदर्शनास गेला आणि तेथील रुंद रस्ते पाहून भारावला. नाईल शतकानुशतकें पश्चिमेस सरकत गेल्यामुळें जुनें शहर व नदी यांमध्यें मोकळी जमीन पडली होती. तेथें त्यानें सरळ रस्त्यांची, गोल चौकांची नवी पेठ वसवली. 1869 सालीं सुएझ कालवा खुला व्हायचा होता, आणि युरोपच्या राजेरजवाड्यांपुढें मान खालीं जाऊं नये ही त्याची इच्छा होती. त्याच वर्षीं घाईघाईनें उभारलेलें नाट्यगृह 1971 सालीं जळून खाक झालें. किल्ल्यापर्यंत जाणारा महंमद अली रस्ता तर जुनी वस्ती चिरून नेला. घरें पडलीं, मशिदीहि पडल्या. कर्जाचा डोंगर मात्र वाढतच गेला. 1879 सालीं इस्माईल पदच्युत झाला आणि 1882 सालीं इंग्रजांनीं देश ताब्यांत घेतला.

1905 नंतर एंपें नांवाच्या बेल्जियन सरदारानें वाळवंटांत हेलिओपोलिस हें उपनगर उभारलें. तेथील त्याचा महाल पाहून हिंदी माणूस थबकतो, कारण वाळवंटांत चक्क हिंदु देवळाचें शिखर दिसतें! तें आहे मात्र सिमेंट-काँक्रीटचें.

सरळ रस्त्याचा मोह अजून सुटलेला नाहीं. शहराच्या पूर्वेस, सुमारें 45 किलोमीटरांवर नवी राजधानी वसवण्याचें 2015 सालीं जाहीर झालें. तिकडे वाहनें धांवावीं म्हणून जुन्या शहरांतूनहि हमरस्ते व पूल निघाले. पूर्वेच्या व दक्षिणेच्या कबरस्तानांत, जेथें कबरींच्या आवारांत पुष्कळ कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहत आलीं, तेथें 2020 पासून अनेक कबरी व घुमट पाडण्यांत आले. युनेस्कोनें 1979 सालीं जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या कैरोंत ह्या कबरस्तानांचाहि समावेश आहे. कांहीं नागरिकांनीं पाडापाडीच्या ढिगांतून कोरीव शिलालेख स्वतःच्या हातांनीं वेंचून काढले.