मान्यता आधी, प्रवेश नंतर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



गेली दोन वर्षे या सभेत मला एकच प्रश्न विचारला जातो. “सर, आपली संस्था डी. फार्मसी कधी सुरू करणार? इमारत उभी आहे, मुले आहेत, फी भरायला आम्ही तयार आहोत. मग अडले कुठे?” प्रश्न आपुलकीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता देणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपला बीड जिल्हा निजामी राजवटीत होता तेव्हा उच्च शिक्षणासाठी हैदराबादचा रस्ता धरावा लागे. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि वाट थोडी जवळ आली. पुढे १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच सुमारास आपल्या अंबाजोगाईतही अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. शेतकऱ्याचा, कारागिराचा मुलगा इंजिनियर होऊ लागला, हे या धोरणाचे पुण्य. परंतु देणगीचा बाजारही त्याच वाटेने आला, हेही तितकेच खरे. म्हणून १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी संसदेने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला कायद्याचे बळ दिले. ही परिषद १९४५ पासून होती, पण तोवर तिचे काम सल्ला देण्याचे होते.

आता डी. फार्मसीचे पाहू. येथे तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले राज्य शासनाचे, दुसरे परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे कौन्सिलने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा असेल तरच उत्तीर्ण विद्यार्थ्याची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. नोंदणी नसेल तर औषधाच्या दुकानात उभे राहून औषध देण्याचा अधिकार नाही. तंत्रशिक्षण परिषद मोठी की फार्मसी कौन्सिल, हा वाद विदर्भातील एका फार्मसी महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मार्च २०२० रोजी निकाल लागला की फार्मसी शिक्षणात शब्द फार्मसी कौन्सिलचाच चालेल.

कोणी म्हणेल, हे सारे कागदी घोडे आहेत. त्यांच्यासाठी एक अनुभव सांगतो. सांगताना मान खाली जाते, तरी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारात बांगड्या विकणारे आपले एक बांधव माझ्याकडे आले. मुलगा बारावी सायन्स झालेला. परजिल्ह्यातील एका नव्या कॉलेजची जाहिरात त्यांच्या हाती होती. मी इमारतीचा फोटो पाहिला आणि म्हणालो, “घाला बिनधास्त.” मान्यतेचे पत्र पहा, असे मी म्हणालो नाही. “प्रस्ताव पाठविला आहे, मंजुरी येतेच आहे,” असे तेथे सांगण्यात आले. मुलाच्या आईने गळ्यातले मोडून फी भरली. मंजुरी आली नाही, परीक्षेचा फॉर्म स्वीकारला गेला नाही. फी निम्मी परत मिळाली, टी. सी. आणि गुणपत्रिका हाती येण्यासाठी आणखी हेलपाटे घालावे लागले. दोन वर्षे गेली ती कोणी परत केली नाहीत. ते बांधव मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी ठरविले की आपल्या संस्थेत मान्यतेचे पत्र हाती येईपर्यंत एकही प्रवेश होणार नाही. कार्यकारिणीनेही तसाच ठराव केला आहे. आपल्या प्रयोगशाळा अजून अपुऱ्या आहेत, पात्र अध्यापक मिळवावयाचे आहेत. तपासणीच्या दिवसापुरते शिक्षक आणि उसनी उपकरणे मांडून मंजुरी मिळविणे ही मुलांची फसवणूक आहे.

काहींचे म्हणणे, आपण अल्पसंख्याक आहोत. घटनेच्या कलम ३० ने आपल्याला संस्था काढण्याचा हक्क दिला आहे, मग हे अडथळे कशाला? हक्क आहेच. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात आणि २००५ मध्ये आपल्या पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. परंतु त्याच न्यायालयाने हेही सांगितले की शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी घातलेले नियम अल्पसंख्याक संस्थांनाही पाळावे लागतील. उलट, उगाच अडवणूक झाली तर दाद मागण्याची सोय आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाच्या २००४ च्या कायद्यात ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जावर नव्वद दिवसांत निर्णय न झाल्यास ते मिळाले असे समजण्याची तरतूद आहे. हक्क म्हणजे चांगली संस्था चालविण्याचा हक्क. कच्ची संस्था चालविण्याचा नव्हे.

पालकांनो, नियम बदलत असतात. बी. सी. ए., बी. बी. ए. यांना पूर्वी विद्यापीठाचे संलग्नीकरण पुरेसे असे; २०२४-२५ पासून ते तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहेत. म्हणून “थोरला तेथेच शिकला” एवढ्यावर धाकट्याचा प्रवेश करू नका. चार गोष्टी पहा. मान्यतेचे पत्र याच वर्षाचे आहे का, आणि त्यात हाच अभ्यासक्रम व किती जागा लिहिल्या आहेत? परीक्षा कोणते विद्यापीठ वा मंडळ घेणार? फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरविलेली आहे का, आणि तिची पावती मिळते का? मूळ कागद दाखवून परत घेतले का? ते अडकवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये कळविले आहे. मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पहा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलीला वाचायला सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, असे प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे. पत्र दाखवायला जो कचरतो, त्याच्या दारातून परत फिरा. उद्या आपल्या संस्थेने जाहिरात काढली तर हेच चार प्रश्न प्रथम मला विचारा. त्या दिवशी पत्र माझ्या हाती असेल, तरच मी तुमच्यासमोर उभा राहीन.