चुलीतील राख : निवल्याची खात्री करा, मगच उचला



आजचा विषय दिसायला लहान आहे, चुलीतल्या राखेचा. परंतु राख टाकताना झालेल्या हयगयीने कडब्याची गंजी, कुटाराचा कोठा किंवा घरात भरून ठेवलेला कापूस पेटू शकतो. म्हणून हा विषय निवडला.

गॅस आला तरी वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ घरी अंघोळीच्या पाण्यासाठी आणि लग्नकार्यात चूल पेटतेच. जळण म्हणजे पऱ्हाटी, तुऱ्हाटी आणि बाभळीची लाकडे. आता काही घरांत धूळ ओढणारे यंत्र, म्हणजे व्हॅक्युम क्लीनर, आले आहे. फरशीबरोबर चुलीतली राखही त्यानेच ओढावी, असे कोणालाही वाटेल. त्याआधी राख खरोखर निवली आहे काय, हे पाहिले पाहिजे.

पूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाया रात्री निखाऱ्यावर राख ओढून ठेवत आणि सकाळी तोच विस्तव फुंकून चूल पेटवत. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि निखाऱ्यापर्यंत हवाही थोडीच पोचू देते, त्यामुळे तो सावकाश धुमसत राहतो. म्हणजेच वरून हाताला गार लागणारी राख आतून गार असेलच असे नाही. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी लाकडाच्या शेगड्या वापरतात. राखेतील निखारा चार दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, असे धरूनच तेथे सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात.

आता यंत्रात काय होते ते पाहू. लोहाराचा भाता निखाऱ्यावर वारा घालतो आणि निखारा लाल होतो. व्हॅक्युम क्लीनर वारा ओढून घेतो, पण परिणाम तोच होतो. राखेत दडलेला हरभऱ्याएवढा निखारा जोराच्या वाऱ्यात फुलतो आणि जाऊन पडतो कागदी किंवा कापडी पिशवीत, जिथे धूळ, केस व कापसाचे तंतू आधीच साचलेले असतात. आग लगेच दिसत नाही. यंत्र कोपऱ्यात ठेवून दिल्यावरही पेट घेऊ शकते.

दुसरा तोटा असा की राख फार बारीक असते. ती साध्या गाळणीतून निसटून खोलीत पसरते व श्वासावाटे छातीत जाते. गाळणी चोंदली की मोटर तापते. राखेसाठी धातूची टाकी आणि आगीस टिकणारी गाळणी असलेली वेगळी यंत्रे मिळतात. पण तीसुद्धा पूर्ण निवलेल्या राखेसाठीच असतात.

यासाठी पुढील पद्धत ठेवावी :

१. राख खुरप्याने किंवा लोखंडी फावड्याने काढून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी. प्लास्टिकची बादली, पोते किंवा खोका वापरू नये.

२. डबा घर, गोठा व गंजीपासून किमान १० फूट दूर, मोकळ्या मातीवर ठेवावा आणि चार दिवस निवू द्यावा. दोन डबे ठेवल्यास एक भरत असताना दुसरा निवतो.

३. घाई असल्यास थोडे थोडे पाणी शिंपडून राख काठीने ढवळावी. एकदम पाणी ओतल्यास वाफेबरोबर गरम राख उसळते. ओल्या राखेचा क्षार हाताला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत.

४. मगनवाडीचे नाव मिळालेल्या मगन चुलीसारखी धुराड्याची चूल असल्यास धुराच्या वाटेतही राख व काजळी साचते. तीही चूल पूर्ण निवल्यावरच काढावी.

५. घरातील साधे यंत्र चुलीला लावूच नये. उरलेली राख ओल्या फडक्याने पुसावी.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व वारा सुटतो. त्या दिवसांत उकिरड्यावर टाकलेला एक निखाराही पुरे होतो.

निवलेली राख वाया घालवू नये. तिच्यात पालाश व चुना असतो. नत्र मात्र जळून गेलेले असते. आपल्या काळ्या जमिनी मुळातच चुनखडीयुक्त, विम्ल आणि बहुधा पालाशाने संपन्न आहेत. तेथे राखेचे ढीग टाकल्यास सामू आणखी वाढून जस्त व लोह पिकाला कमी मिळते. म्हणून राख कंपोस्टच्या खड्ड्यात पातळ थराने पसरावी आणि माती परीक्षण करून प्रमाण ठरवावे. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा कोंबडीच्या ताज्या खतात राख मिसळू नये; त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. प्लास्टिक, रबर वा रंगवलेले लाकूड जाळलेल्या चुलीची राख शेतात नेऊच नये.

पत्र्याच्या दोन डब्यांना फारसा खर्च येत नाही. गंजी जळाली तर मात्र वर्षभराची वैरण जाते. आज घरी गेल्यावर आपली राख कोठे पडते, तेवढे पाहून घ्या.