झोप, बैठक आणि श्रमिकाचे मन



‘कामगार चिडखोर असतो’ हे वाक्य वाटाघाटींच्या वेळी मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. ते खरे की खोटे, हा वाद आज बाजूला ठेवू. ही चीड येते कोठून, एवढेच पाहू.

आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे बोटीने मुंबईच्या गिरण्यांत गेली. एकेका खोलीत इतके गडी राहत की, रात्रपाळीचा परतला म्हणजे दिवसपाळीच्याने उठून जागा मोकळी करावी. ज्याला जागा मिळेना, तो भिंतीला टेकून डुलक्या घेई.

आता शास्त्र काय म्हणते? १९५३ साली अमेरिकेत ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवले की, झोपेच्या एका अवस्थेत मिटल्या पापण्यांखाली डोळे झरझर फिरतात. स्वप्ने बहुतेक तेव्हाच पडतात. मेंदू जागेपणासारखाच गजबजलेला असतो. मान व हातपाय मात्र अगदी सैल पडतात. म्हणूनच बसल्या बसल्या झोपणाऱ्याची मान कोसळते, तो दचकतो, झोप मोडते. पाठ टेकण्यापुरती जागा म्हणजे चैन नव्हे!

झोप तुटत राहिली म्हणजे भय आणि क्रोध जागवणारा मेंदूचा भाग अधिक पेटतो आणि त्याला आवरणाऱ्या, कपाळामागच्या भागाची पकड ढिली होते. शरीरात दिवसरात्रीचे एक घड्याळही आहे. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फळ्यावरची पाळी दर आठवड्याला बदलता येते. हे घड्याळ तितक्या झटपट फिरत नाही.

‘ताठ बसा, मन प्रसन्न राहील’ असा उपदेश हल्ली पुष्कळ ऐकू येतो. पण दिवसभर उभ्याने कोळंबी सोलणाऱ्या बाईला आधी बसायला तरी द्या! उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच म्हटले होते. दुकानांतल्या नोकरांसाठी तोच हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात आणला.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. विसावा मागून घ्यावा लागतो, हे त्यांनी शिकवले. तेव्हा मित्रहो, पुढच्या मागणीपत्रात पगाराच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी लिहा: पाळीचा तक्ता आणि बसायला बाक. माणसाचा स्वभाव सुधारण्याची सुरुवात तेथून करू.