गाडी मागे घेताना : आरसा की मान?

(राजोडी, ता. वसई, जि. पालघर येथे बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केळीला खताची मात्रा किती द्यावी, पानवेलीला पाणी केव्हा सोडावे, असे प्रश्न आपण नेहमी विचारता आणि मीही त्याच तयारीने येतो. आज मात्र पीक हाती आल्यानंतरच्या एका कामाविषयी बोलायचे आहे. माल भरण्यासाठी टेम्पो वाडीत मागे घ्यावा लागतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ती खताच्या ढिगापर्यंत मागे लोटावी लागते. घरची मोटार अंगणातून रस्त्यावर काढावी लागते. अशा वेळी मान वळवून मागे पाहावे की आरशावर भिस्त ठेवावी, यावर दोन मते ऐकू येतात. जुने चालक म्हणतात, मान वळवल्याशिवाय गाडी मागे घेऊच नये. नवे शिकलेले म्हणतात, मग आरसे दिलेत कशाला? हा विषय पीकशास्त्राचा नाही, हे मला मान्य आहे. पण वाडीतले जे अपघात टाळता येण्यासारखे आहेत त्यांत हा एक आहे, आणि त्यात सापडतात ती बहुधा घरचीच माणसे, म्हणून तो घेतला.

आपल्या भागाची परिस्थिती प्रथम लक्षात घेऊ. राजोडी, कळंब, अर्नाळा या पट्ट्यातील वाड्यांच्या वाटा बैलगाडीच्या काळातील आहेत. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला एखादे बावखल किंवा विहीर, आणि मध्ये जेमतेम एक वाहन जाईल एवढी जागा. सोनचाफा, मोगरा पहाटे खुडावा लागतो. कोणी लोकलने दादर गाठतो, कोणी टेम्पोने. म्हणजे माल भरण्याची घाई नेमकी अंधारात असते. गाडीच्या मागे कोणी टोपली उचलण्यासाठी वाकलेला असतो, कोणी क्रेट मोजत बसलेला असतो. रविवारी वेगळाच प्रकार. समुद्रावर आलेल्या पाहुण्यांना पुढे रस्ता संपल्याचे उशिरा कळते आणि ते आपल्याच फाटकात गाडी घालून वळवतात. त्यांना वाडीची ओळख नसते आणि आपल्या मुलांना त्यांच्या गाडीची.

आता थोडे गणित करू. बसलेल्या चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर उंच आहे, मागच्या काचेची खालची कड १ मीटर उंच आहे आणि ती डोळ्यापासून २ मीटर मागे आहे असे धरा. म्हणजे २ मीटर अंतरात नजर २० सें.मी. खाली उतरते. याच उताराने ती जमिनीला टेकते डोळ्यापासून १२ मीटरवर. गाडीचे शेपूट डोळ्यापासून ३ मीटरवर धरले तर शेपटामागची ९ मीटर जमीन चालकाला दिसतच नाही. खेळत बसलेले मूल ६० सें.मी. उंच धरले तर त्याचा माथा काचेत येण्यासाठी ते शेपटापासून किमान ३ मीटर लांब असावे लागते. त्याच्या आत असेल तर ते चालकाच्या दृष्टीने नाहीच. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे येतील. उंच बांधणीच्या गाड्यांत काचेची कड वर असते, त्यामुळे न दिसणारी जमीन सहसा वाढते.

या गणितात मान वळवली की आतल्या आरशात पाहिले याने फारसा फरक पडत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही वेळा नजर त्याच मागच्या काचेतून जाते. बाहेरचे दोन आरसे मात्र गाडीच्या दोन्ही कुशींची जमीन दाखवतात. चाक गटाराच्या काठापासून किती लांब आहे हे मान वळवून कळणार नाही, ते आरशातच कळते. पण थेट शेपटामागचा पट्टा या आरशांतही येत नाही. शिवाय बाहेरचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यात जास्त भाग मावतो, पण वस्तू लहान दिसते आणि आहे त्यापेक्षा लांब वाटते. आरशावर तशी सूचनाही पुष्कळदा छापलेली असते. ती वाचणारा मला क्वचित भेटतो.

मग मान वळवण्याचा फायदा काय? फायदा मोठा आहे. मागच्या काचेबरोबर बाजूच्या काचांतूनही दिसते, अंतराचा अंदाज नीट येतो आणि कोणी आडवा चालत येत असेल तर तो गाडीमागे पोचण्याआधी दिसतो. ब्रिटनच्या 'हायवे कोड' या पुस्तिकेतही गाडी मागे घेताना मुख्यतः मागच्या काचेतून पाहावे, असेच सांगितले आहे. तेव्हा घरच्या मोटारीपुरते माझे मत स्पष्ट आहे. मुख्य नजर मागे वळवलेली असावी आणि मधून मधून दोन्ही आरशांत व पुढेही पाहावे. पुढे अशासाठी की, मागे जाताना स्टिअरिंग फिरवले की गाडीचे नाक उलट बाजूला फेकले जाते आणि कुंपणाचा खांब तिथेच असतो.

पण मान आणि आरसा दोन्ही वापरूनही ते ९ मीटर उरतातच. अमेरिकेत २००२ साली एक बालरोगतज्ज्ञ रात्री आपली गाडी घराच्या आवारात मागे घेत होते. त्यांनी आरसेही पाहिले होते आणि वळूनही पाहिले होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मागे आलेला त्यांना दिसला नाही. त्या मुलाच्या नावाने तेथे २००८ साली कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिकडच्या सर्व नव्या मोटारींना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा बंधनकारक झाला. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे अडथळा असल्यास इशारा देणारे सेन्सर सक्तीचे आहेत. ही साधने चांगलीच आहेत. मात्र सेन्सर समोर आलेल्या वस्तूवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींवर चालतो. बारीक खुंट, जमिनीलगत पडलेली वस्तू त्याला नेहमी सापडेलच असे नाही. खड्डा तर त्याला कळतच नाही, कारण तेथे लहर परतवायला काही नसते. बावखलाच्या काठावर गाडी मागे घेताना सेन्सर गप्प आहे म्हणजे जमीन आहे, असे कोणीही समजू नये. कॅमेऱ्याच्या भिंगावर पावसाळ्यात चिखल बसतो. तो पुसण्यासाठी तरी एकदा गाडीमागे जावे लागते, आणि तेही बरेच आहे.

कारण खरे उत्तर तेच आहे. गाडीत बसण्यापूर्वी तिच्या मागून फेरी घालावी आणि लगेच गाडी हलवावी. फेरी घालून मग हिशेब करत पाच मिनिटे उभे राहिलात तर ती फेरी वाया गेली. ताशी ५ किलोमीटर हा चालण्याचा वेग झाला, पण त्या वेगातही गाडी सेकंदाला सुमारे १.४ मीटर मागे येते. ओरडा ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर गेलेले असते. म्हणून वेग याहूनही कमी, क्लचवर सांभाळलेला असावा.

टेम्पोची गोष्ट निराळी. हौद्यात क्रेट रचले की मान वळवून फक्त क्रेट दिसतात. येथे 'मागे वळून पाहा' हा सल्ला निरुपयोगी आहे. दोन्ही बाहेरचे आरसे हाच आधार, आणि त्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यासाठी खाली उभा असलेला माणूस. यावर मी जास्त भर देतो, कारण मदतीला माणूस उभा असतो पण तो चुकीच्या जागी असतो. तो फाळक्यामागे मधोमध उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो. तो चालकाला दिसत नाही आणि अडकला तर पहिला तोच अडकतो. त्याने चालकाच्या बाजूने, आरशात आपला चेहरा व हात दिसेल अशा जागी, गाडीपासून दोन हात लांब उभे राहावे. इशारे आधी ठरवावेत. एस.टी.ची एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन घंटा म्हणजे चला, हे सर्वांना पाठ आहे. हौद्यावर थाप मारताना तोच नियम ठेवावा. इशारा देणारा एकच असावा. थांबा हा शब्द मात्र कोणीही उच्चारला तरी थांबावे. आणि तो माणूस आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक दाबावा, तो कुठे गेला याचा अंदाज बांधू नये. पहाटे त्याच्या हाती विजेरी असेल तर ती जमिनीकडे धरावी, आरशात नव्हे.

वळण घेऊन मागे जायचे असेल तर शक्य तेथे चालकाच्या बाजूला वळेल अशी गाडी लावावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवीकडे वळताना शेपटाचा कोपरा खिडकीतून डोळ्यांना दिसतो, डावीकडे वळताना तो दिसेनासा होतो.

याहून सोपा उपाय असा की, पहाटे गाडी मागे घेण्याची वेळच येऊ देऊ नये. संध्याकाळी टेम्पो रिकामा असतो, उजेड असतो, घाई नसते. त्याच वेळी तो मागे घेत वाडीत आणून तोंड रस्त्याकडे करून ठेवावा. पहाटे माल भरला की सरळ पुढे निघता येते. मोटारीलाही हेच लागू आहे. आवारातून रस्त्यावर मागे येताना रस्त्यावरची सायकल, मोटरसायकल दोन्हीकडून येते आणि कुंपणामुळे आपले शेपूट रस्त्यात जाईपर्यंत ती दिसत नाही.

कायदाही काही वेगळे सांगत नाही. मागे कोणाला धोका वा अडचण होणार नाही याची खात्री करूनच वाहन मागे घ्यावे आणि गरजेपुरतेच घ्यावे, असे १९८९ च्या रस्ता-नियमांत होते. त्यांची जागा २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घेतली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परवान्याच्या परीक्षेत अरुंद जागेत गाडी मागे घेऊन दाखवावी लागते. परवाना हाती आल्यावर तो सराव सुटतो.

ट्रॅक्टरवर चालक उघड्यावर बसतो, त्यामुळे मान वळवणे येथे सर्वात उपयोगी. अवजार जोडताना नजर सतत मागे ठेवावी, हातातला थ्रॉटल कमी करावा, सर्वात हळू गिअर घ्यावा. ट्रॅक्टर पूर्ण थांबेपर्यंत अवजार आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणीही शिरू नये. पिन लावायला पोरगा आधीच आत उभा करण्याची पद्धत बंद करावी. दोन ब्रेकची पॅडल एकत्र जोडणारी पट्टी मागे घेताना लावलेली असावी, नाहीतर घाईत एकच पॅडल दाबले जाऊन ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. दोन चाकी ट्रॉली मागे नेताना ती स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळते. हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. हात जिकडे न्याल तिकडे ट्रॉलीचे शेपूट जाईल. ट्रॉली फार दुमडू लागली तर जोर न करता पुढे जाऊन सरळ करावी. चार चाकी ट्रॉलीत दोन ठिकाणी सांधा असतो, तिला सरावाशिवाय मागे लोटू नये.

पॉवर टिलरला आरसा नाही आणि चालक मागे चालतो. तो मागे घेताना यंत्र चालकाच्याच अंगावर येते. केळीच्या दोन ओळींत, माडाच्या बुंध्याजवळ किंवा बांधापाशी रिव्हर्स टाकला तर माणूस हँडल आणि बुंधा यांच्यात चेपला जातो, किंवा पाय घसरून फिरत्या पात्यांकडे ओढला जातो. म्हणून रिव्हर्स टाकण्यापूर्वी पाती फिरणे बंद करावे, इंजिन मंद करावे, मागे किमान चार-पाच पावले मोकळी आहेत हे वळून पाहावे आणि हँडलच्या मधोमध न राहता किंचित बाजूने चालावे. ओळीच्या टोकाला जागा नसेल तर रिव्हर्स न घेता तेवढा कोपरा कुदळीने खणून घ्यावा.

घरी गेल्यावर एक प्रात्यक्षिक अवश्य करावे. गाडी उभी करून एकाने चालकाच्या जागी बसावे. दुसऱ्याने ६० सें.मी. उंचीचा डबा किंवा उलटी टोपली शेपटापासून मागे सरकवत न्यावी. डबा प्रथम मान वळवून कोठे दिसतो, आतल्या आरशात कोठे, बाहेरच्या आरशांत कोठे, तेथे तेथे फक्कीने रेघ ओढावी. मग घरातल्या मुलांना बोलावून ती जागा दाखवावी आणि त्यांना चालकाच्या जागी बसवून डबा शोधायला सांगावे.