वजनाचा आलेख आणि मुलाचा मेंदू

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकूर व कातकरी बांधवांच्या अनेक वाड्या आहेत. तेथील अंगणवाड्यांत दरमहा होणारी वजनाची नोंद पुष्कळांना केवळ कागदी काम वाटते. ते तसे का नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या अवघा २ टक्के. परंतु विश्रांत अवस्थेतील शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. बालकांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पाचव्या वर्षाच्या सुमारास मेंदूची शर्करेची गरज सर्वाधिक असते आणि त्याच सुमारास शरीराची वाढ सर्वांत मंद असते. शरीर जणू स्वतःचा घास आवरते आणि तो मेंदूला देते. गर्भावस्थेपासून दोन वर्षांपर्यंत लोह, आयोडीन व प्रथिने यांची उणीव राहिली, तर ती पुढे भरून काढणे कठीण जाते. म्हणूनच वजनाची रेषा आडवी झाली, की तो पहिला इशारा समजावा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास उपचारास विलंब नको.

अडचण पुढेच आहे. भातकापणी आटोपली, की अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मुलाचा आलेख तुटतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण ट्रॅकर’मुळे एका अंगणवाडीतील नोंद दुसरीकडे नेता येते, पण यंत्र स्वतः मुलाला शोधावयास जात नाही.

ते काम आपले आहे. थोरले भावंड शाळेत येईनासे झाले, की शिक्षकांना स्थलांतराची चाहूल लागते. त्यांनी अंगणवाडी सेविकेस कळवावे. सदस्यांनी कुटुंब कोठे जात आहे हे विचारून तेथील अंगणवाडीस निरोप धाडावा. मातेने माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे.

नुसत्या वजनाने पोट भरत नाही, हेही खरे. वाल, नाचणी, सुकट, अंडी ताटात पडलीच पाहिजेत. मात्र कोणाच्या ताटात काय कमी आहे, हे ती नोंदच सांगते. मूल भट्टीवर गेले, तर नोंदही त्याच्यामागून गेली पाहिजे.