शाळेची दारं काढण्याआधी



माझा धंदा सुतारकीचा. भाषणाची सवय नाही, तेव्हा जे रोज हाताखालून जातं त्याबद्दलच बोलतो.

मेळाव्याच्या निधीतून शाळेची जुनी दारं काढून नवी बसवावीत, असा विचार चालला आहे. भावना चांगलीच आहे. पण त्याआधी त्या दारांचे सांधे एकदा बघा, एवढी विनंती.

ही दारं खिळ्यांवर उभी नाहीत. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढतात, तिला आम्ही कुसू म्हणतो. ते बसवायला उभ्या पट्टीत जे चौकोनी भोक पाडतात, ते वेज. पट्टी दीड इंच जाड असेल तर कुसू अर्ध्या इंचाचं, म्हणजे तिसरा हिस्सा. जाड ठेवलं तर वेजाच्या कडा पातळ होऊन फुटतात, बारीक ठेवलं तर कुसूच मोडतं. आधी वेज पाडायचं, कारण त्याची रुंदी पटाशी ठरवते. मग कुसू तासत तासत त्याला जुळवायचं. मोगरीच्या दोन-चार ठोक्यांत बसलं पाहिजे. जोर करावा लागला तर उभी पट्टी चिरते.

कुसू आरपार गेलं की पाचरी मारतात, त्याही वेजाच्या वरच्या आणि खालच्या टोकालाच. बाजूला मारली तर लाकूड उभं फाटतं. मधली फळी मात्र खाचेत मोकळी ठेवतात, कारण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं.

सरस लावलेला नसेल तर असा सांधा उकलताही येतो. पाचरी काढून कुजलेली खालची पट्टी तेवढी बदलायची. उभ्या पट्टीचा पाय गेला असेल तर तेवढाच कापून नवा तुकडा जोडायचा. बाकी दार जसंच्या तसं राहतं.

माझी सूचना अशी: प्रत्येक दार तळापासून टोचून तपासू. जे खरोखर गेलं असेल तेच बदलू. दुरुस्तीची मजुरी मी घेणार नाही, फक्त लाकूड निधीतून घ्यावं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर सुट्टीत नववीच्या मुला-मुलींना मदतीला घेऊ. एक वेज प्रत्येकानं स्वतः पाडून बघावं. उरलेल्या पैशांचं काय करायचं, ते गुरुजनांनी सांगावं.